कॅप्टन व्हायला किती तास लागतात? आणि तुमच्या धंद्यात दुसरा कॅप्टन कुठे आहे?



मागच्या महिन्यात वाशीच्या वर्कशॉपमध्ये चहाच्या सुट्टीत एका उद्योजकाने मला बाजूला घेतलं. रबाळे एमआयडीसीत त्यांचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. म्हणाले, "सर, एकच सांगा. माणूस किती वर्षं काम केल्यावर त्याच्या हातात युनिट द्यायचं?"

प्रश्नामागची गोष्ट अशी. त्यांच्याकडे एक माणूस होता, अकरा वर्षं जुना. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नाही. तळोज्याला दुसरी शेड घेतली तेव्हा साहजिकच तिथला प्रमुख म्हणून यालाच बसवला. सहा महिन्यांत दोन मोठे ग्राहक गेले, स्टीलची उधारी वाढली आणि शेडला कुलूप लावायची वेळ आली. माणूस परत रबाळ्याला आला, मान खाली घालून. मालकांचं एकच पालुपद होतं: "सर, अकरा वर्षांचा अनुभव होता हो!"

मी त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "विमानाच्या कॅप्टनला किती अनुभव लागतो, माहितेय?" ते हसले. म्हणाले, "सर, आमचा लोखंडाचा धंदा. विमानाचं काय काढलंत?"

काढायला कारण आहे. विमान आता आपल्या दाराशी आलंय. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. उलवे-पनवेलच्या पोरांना आता विमान बघायला सांताक्रूझला जावं लागत नाही. त्या प्रत्येक विमानात पुढे दोन माणसं बसलेली असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक. विमान दोघांनाही उडवता येतं, दोघंही लायसन्सवाले. तरी एकच कॅप्टन असतो. उजवीकडच्या माणसाला डावीकडे कधी बसवायचं, हा प्रश्न आणि आपल्या रबाळ्याच्या मालकांचा प्रश्न, हे दोन्ही एकच आहेत. फरक इतकाच की विमानवाल्यांनी त्याचं उत्तर चुका करून, माणसं गमावून शोधलंय. आपल्याला ते फुकटात शिकता येतं.

कागदावरचा आकडा

आधी नियम बघू. आपल्याकडे हे सगळं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं.

पहिली पायरी म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स. त्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. आपल्या महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी हे शिक्षण मिळतं. आता गंमत बघा. या २०० तासांपैकी १०० तास त्या पोराने 'पायलट इन कमांड' म्हणून, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले असावे लागतात. म्हणजे विशीतला पोरगा छोट्या विमानात एकटा बसून शंभर तास 'कॅप्टन' असतोच की! पण तिथे त्याच्या ताब्यात कोण असतं? तो स्वतः. शेजारची खुर्ची रिकामी. मागे प्रवासी नाहीत, हाताखाली माणसं नाहीत.

स्वतःला सांभाळणं वेगळं आणि चार माणसांना सांभाळणं वेगळं. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

लायसन्स मिळाल्यावर तो एअरलाइनमध्ये येतो, त्या विशिष्ट जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घेतो, त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात, आणि उजवीकडे बसतो. एअरलाइनचा कॅप्टन व्हायचं तर त्याच्या वरचं लायसन्स लागतं, एटीपीएल. त्यासाठी वय किमान २१ आणि उड्डाणाचे किमान १,५०० तास. शिवाय लेखी परीक्षा आहेत आणि त्या १,५०० तासांत रात्रीचे किती, क्रॉस-कंट्री किती, उपकरणांच्या भरवशावरचे किती, याचे हिशोब वेगळे.

आता तुम्ही धंदेवाले, लगेच गणित कराल. वर्षाला वैमानिकाला जास्तीत जास्त १,००० तास उडता येतं. म्हणजे २०० वरून १,५०० व्हायला दीड-दोन वर्षं पुरे. मग दोन वर्षांत कॅप्टन?

नाही ना होत! १,५०० हा दाराचा उंबरठा आहे. तो ओलांडला म्हणजे घरात आलात, घर तुमचं झालं असं नाही. प्रत्येक एअरलाइन स्वतःच्या नियमपुस्तकात यापेक्षा वरचा आकडा ठेवते, आणि तो पूर्ण झाला तरी जागा निघावी लागते. कंपनी जोरात वाढत असेल तर चार-पाच वर्षांत नंबर लागतो. कंपनी थंड असेल तर दहा-बारा वर्षं उजवीकडेच बसलेली माणसं आहेत.

आणि वयाचंही तसंच. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिल्चर विमान नेलं. पुढच्या दोन्ही खुर्च्यांवर बायका होत्या आणि आपल्या देशात ते नवलच होतं. त्यांच्या शेजारी सहवैमानिक होत्या निवेदिता भसीन. त्याच निवेदिता भसीन पुढे १९९० मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. २६ व्या वर्षी आपल्याकडे पोराला दुकानाची चावी द्यायलाही बाप दहा वेळा विचार करतो! पण तिथे कुणी 'वय काय हिचं' असं नाही बघितलं. काय बघितलं, ते आता सांगतो.

तास किती, हा प्रश्न अर्धाच आहे. तास कसले?

१२ फेब्रुवारी २००९. अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं एक विमान उतरण्याआधी कोसळलं. विमानातले सगळे ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. विमानाचा वेग कमी होत गेला, विमान हवेत तरंगायचं बंद व्हायला आलं, तशी धोक्याची सूचना आली. अशा वेळी नाक खाली करायचं असतं. कॅप्टनने उलट कंट्रोल मागे ओढला आणि नाक वर गेलं.

या अपघातानंतर तिथे मोठा कायदा झाला. २०१३ पासून अमेरिकेत एअरलाइनच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तास असल्याशिवाय बसता येत नाही. शिवाय कॅप्टन व्हायच्या आधी एअरलाइनमध्येच १,००० तास सहवैमानिक म्हणून काढावे लागतात.

पण आता एक गोष्ट लक्ष देऊन वाचा. त्या अपघातग्रस्त विमानाच्या कॅप्टनकडे ३,३७९ तास होते. सहवैमानिक बाईंकडे २,२४४. म्हणजे १,५०० चा नियम त्या रात्री असता तरी दोघंही त्यात पास झाले असते! मग कमी काय होतं? कॅप्टनच्या त्या ३,३७९ तासांपैकी त्या जातीच्या विमानावरचे तास होते फक्त १११.

एकूण तास भरपूर, पण हव्या त्या कामाचे तास थोडे. ओळखीचं वाटतंय का?

वैमानिकाची लॉगबुक कधी पाहिलीत तर कळेल. तिच्यात नुसतं 'आज चार तास उडालो' असं नसतं. रकाने असतात. विमान कुठलं, दिवस की रात्र, जबाबदारी स्वतःची की शेजारच्याची, ढगातून उपकरणांवर किती वेळ. चार हजार तासांची बेरीज खाली येते, पण भरती करणारा माणूस बेरीज शेवटी बघतो, रकाने आधी.

मी रबाळ्याच्या मालकांना तिथेच विचारलं, "या अकरा वर्षांत तुमच्या माणसाने ग्राहकाशी रेट किती वेळा ठरवला?"

"रेट? तो मीच ठरवतो."

"स्टील कुणाकडून, कितीला, किती दिवसांच्या उधारीवर?"

"मीच."

"पगाराच्या दिवशी पैसे कमी पडले तर कुणाला किती द्यायचे?"

ते गप्प झाले. म्हणजे अकरा वर्षांचा अनुभव कसला होता? वेल्डिंगचा. तळोज्याची शेड चालवण्याचा अनुभव शून्य तास. माणूस नालायक नव्हता हो, त्याचा रकानाच कोरा होता. आणि तो कोरा ठेवला कुणी?

उजवीकडून डावीकडे: मधल्या पायऱ्या

एअरलाइन माणसाला एका रात्रीत डावीकडे बसवत नाही. तास पूर्ण झाले की आधी त्याची रेकॉर्ड तपासतात, मग सिम्युलेटरमध्ये परीक्षा. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट. तिथे एक इंजिन बंद पाडतात, धूर दाखवतात, एखाद्या प्रवाशाची तब्येत बिघडल्याचा निरोप देतात, जवळचा विमानतळ खराब हवेमुळे बंद करतात, आणि हे सगळं एकामागून एक. त्यात परीक्षक काय बघतो? विमान उडवता येतं का, हे तर बघतोच, पण ते उजवीकडच्यालाही येतं. मुख्य बघतो ते हे की गडबडीत हा माणूस आधी काय हातात घेतो, शेजारच्याला काय सोपवतो, केबिनमधल्या क्रूला कधी सांगतो, आणि ठरवतो कसं. इथे चांगले उडवणारेही नापास होतात. हजारो तासवाला माणूस परत उजवीकडे पाठवला जातो, आणखी तयारी करून ये म्हणून. त्यात त्याची इज्जत जात नाही. तशी पद्धतच आहे.

पास झाला की खरा भाग सुरू होतो. आता तो डावीकडे बसतो, पण त्याच्या उजवीकडे नेहमीचा सहवैमानिक नसतो, अनुभवी प्रशिक्षक कॅप्टन असतो. खरं विमान, खरे प्रवासी, खरा पाऊस. निर्णय नव्याने घ्यायचे, जुन्याने बघत बसायचं. जुना मधे कधी पडतो? धोक्याची रेषा ओलांडायची वेळ आली तरच. 'मी असतो तर वेगळं केलं असतं' एवढ्या कारणासाठी तो मधे पडत नाही. असं अनेक फेऱ्या चालतं, त्यानंतर शेवटची तपासणी, आणि मग खांद्यावर चार पट्ट्या.

इथेही संपत नाही. नव्या कॅप्टनला सुरुवातीचे काही तास मोकळं रान नसतं. हवा फार खराब असेल तर जुना कॅप्टन जिथवर उतरू शकतो तिथवर नव्याला परवानगी नसते, त्याची मर्यादा अलीकडे ठेवलेली असते. आपल्या मुंबईचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्यात दोघंही नवखे अशी जोडी लावत नाहीत. लेहसारख्या अवघड विमानतळांसाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. आणि कॅप्टन कितीही जुना झाला तरी सिम्युलेटरमधली ठरावीक परीक्षा निवृत्तीपर्यंत सुटत नाही. तीस वर्षांचा कॅप्टनही परीक्षेला बसतो आणि नापास होऊ शकतो!

आता आपल्याकडे काय होतं? "उद्यापासून तू बघ रे सगळं." झालं प्रमोशन! खांद्यावर एकदम चार पट्ट्या, खिशात शटरची चावी. मग मालक रोज फोनवर वीस वेळा विचारणार, उंटावरून शेळ्या हाकणार, आणि सहा महिन्यांनी म्हणणार, "हल्ली चांगली माणसं मिळतच नाहीत."

अनुभव भरपूर असूनही

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. नीट शिकवा, कॅप्टन तयार होईल, विषय संपला. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती आपल्या मराठी माणसाची आहे, आणि ती मी दोष काढायला सांगत नाही. अपघाताची चौकशी कुणाला फासावर द्यायला नसतेच, पुढचा अपघात टाळायला असते.

कॅप्टन दीपक वसंत साठे. नागपूरशी नातं असलेलं घर. हवाई दलाच्या अकादमीत मानाची तलवार मिळवलेला अधिकारी, एचएएलमध्ये चाचणी वैमानिक, नंतर प्रवासी विमानांचा कॅप्टन. १० हजारांहून अधिक तास. अनुभव म्हणतात तो याला.

७ ऑगस्ट २०२०. कोरोनाचे दिवस. दुबईत अडकलेल्या आपल्या लोकांना घेऊन एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान केरळात कोळिकोडला येत होतं. आत १९० जण. कोळिकोडचा विमानतळ टेकडीच्या माथ्यावर आहे, धावपट्टी संपली की दरी. पाऊस जोरात. कॅप्टनच्या बाजूचा वायपर धड चालत नव्हता. उतरायचा एक प्रयत्न सोडून दिला, तो निर्णय बरोबर होता. दुसऱ्या बाजूने पुन्हा आले, तेव्हा वारा पाठीमागून. विमान धावपट्टीवर टेकलं ते जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. थांबेना. टोकावरून खाली गेलं. २१ माणसं गेली, त्यात कॅप्टन साठे आणि तरुण सहवैमानिक अखिलेश कुमारही.

२०२१ मध्ये चौकशी अहवाल आला. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक मालकाने वाचाव्यात अशा आहेत.

पहिली. विमान टेकायच्या आधी सहवैमानिकाला कळलं होतं की हे बरोबर चाललेलं नाही. त्याने आधी आडून सुचवलं, शेवटी स्पष्ट शब्दांत 'गो-अराउंड' म्हटलं. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. नियम असा की दोघांपैकी कुणीही हा शब्द उच्चारला की विमान वर घ्यायचं, चर्चा नंतर. ते झालं नाही. अहवालाने याला कारण म्हटलंच, पण सहवैमानिकाने कंट्रोल स्वतःच्या हातात घेतले नाहीत हेही कारण म्हटलं. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या माणसाने शेजारी बसलेल्या साठीच्या, मानाची तलवार मिळवलेल्या माणसाच्या हातातून विमान काढून घ्यायचं! आपल्याकडे मोठ्यांपुढे साधा आवाज चढवत नाहीत. सांगायला सोपं आहे, करायला किती जड असेल विचार करा.

दुसरी गोष्ट मला जास्त हलवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळचं कोळिकोडहून जाणारं विमान त्याच कॅप्टनना न्यायचं होतं. त्या रात्री दुसऱ्या गावी उतरले असते तर विश्रांतीच्या नियमामुळे सकाळी ते मिळाले नसते. मग दुसरा कॅप्टन? अहवालात आकडा आहे: कोळिकोडच्या तळावर २६ सहवैमानिक आणि कॅप्टन एक. एक! काहीही करून इथेच उतरायचं, ही ओढ त्यातून आली, असं अहवाल म्हणतो, आणि कंपनीच्या माणसं नेमण्याच्या धोरणावर बोट ठेवतो.

दहा हजार तासांचा अनुभव होता. पण 'मी नाही गेलो तर उद्या कोण?' हा प्रश्न त्या अनुभवाच्या मानेवर बसला होता.

आता स्वतःकडे बघा. ताप असताना दुकान उघडलंय? घरात कार्य असताना माल मोजत बसलाय? रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना, मोठ्या ऑर्डरला होकार दिलाय? का? कारण तुमच्या तळावर पंधरा माणसं आहेत आणि कॅप्टन एक. तुमचे वाईट निर्णय अनुभव कमी म्हणून होत नसतील. दुसरा कॅप्टन नाही म्हणून होत असतील.

कॅप्टन बाजारात मिळत नाही

हा प्रश्न एका तळापुरता नाही. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तुमच्यापैकी कुणी कुणी विमानतळावर अडकलाही असाल. तेव्हा डीजीसीएपुढे आलेले आकडे बघा. त्यांच्या एअरबस ३२० विमानांसाठी लागणारे कॅप्टन २,४२२, हाताशी होते २,३५७. लागणारे सहवैमानिक २,१५३, हाताशी होते २,१९४.

कळलं? सहवैमानिक ४१ जास्त आणि कॅप्टन ६५ कमी. तुटवडा वैमानिकांचा नव्हता, कॅप्टनचा होता. त्या गोंधळाची कारणं आणखीही आहेत, वेळापत्रक आखण्यापासून सगळी. पण एवढी मोठी कंपनी, पैसा भरपूर, तरी ६५ कॅप्टन एका आठवड्यात आणू शकली नाही. कारण कॅप्टन विकत मिळत नाही, तो पिकवावा लागतो, आणि पेरणी काही वर्षं आधी करावी लागते. आंब्याचं झाड लावल्या वर्षी आंबे मागायचे नसतात.

तुमच्याकडेही हात कमी नाहीत, ठरवणारी डोकी कमी आहेत.

आता गृहपाठ

वर्कशॉपमध्ये मी हे पाच मुद्दे फळ्यावर लिहून देतो. तुम्ही वहीत लिहा.

१. लॉगबुक करा. तुमच्या सगळ्यात जुन्या दोन माणसांची नावं घ्या आणि रकाने आखा: रेट ठरवणं, खरेदी, चिडलेला ग्राहक, उधारी वसुली, पगार आणि रोकड, माणसांची भांडणं. प्रत्येक रकान्यात लिहा की हे काम त्याने स्वतःच्या जबाबदारीवर किती वेळा केलं. बघितलं किती वेळा, ते लिहू नका. केलं किती वेळा, तेच. बहुतेकांचे चार रकाने कोरे निघतील. घाबरू नका, तुमचा नकाशा तयार झाला.

२. सिम्युलेटर चालवा. खर्च शून्य. शनिवारी अर्धा तास घ्या आणि प्रसंग सांगा: "उद्या डिलिव्हरी आहे, मशीन बंद, मेकॅनिक गावाला, आणि माझा फोन लागत नाही. काय करशील?" त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. इथे चुकला तर पैसे जात नाहीत, इथेच चुकू द्या.

३. दोन आठवडे उजवीकडे बसा. खरं काम, खरे ग्राहक, पण खुर्ची त्याची आणि तुम्ही शेजारी. मधे कधी पडणार ती रेषा आधी ठरवा, त्याला सांगा आणि पाळा. उदाहरणार्थ, पाच हजारांपर्यंतचं नुकसान दिसलं तरी गप्प राहायचं. ही फी आहे. तळोज्याची शेड बंद पडण्यापेक्षा स्वस्त.

४. मर्यादा पायरीने वाढवा. पहिले तीन महिने खरेदीची मर्यादा दहा हजार, पुढे पंचवीस, मग पन्नास. नवा ग्राहक, नवा सप्लायर, दिवाळीची गर्दी असे अवघड विमानतळ सुरुवातीला त्याच्या यादीत नकोत. आणि दोन्ही नवखे एका पाळीत लावू नका.

५. 'गो-अराउंड' शब्द ठरवा. हा सगळ्यात अवघड. तुमच्या दुकानात असा एक शब्द हवा की जो अगदी पोऱ्यानेही उच्चारला तर काम थांबेल, आधी तपासलं जाईल, आणि त्याला कुणी रागावणार नाही. विमानात गो-अराउंड केल्याबद्दल शिक्षा करायची नाही असं धोरण आहे, मग भले नंतर कळलं की गरज नव्हती. तुम्हीही पहिल्या वेळी 'शाब्बास' म्हणा, तरच दुसऱ्यांदा कुणी बोलेल.

हा पाचवा मुद्दा सांगत होतो तेव्हा रबाळ्याचे मालक खाली बघत होते. वर्कशॉप संपल्यावर पुन्हा आले. म्हणाले, "सर, एक राहिलं सांगायचं. तळोज्याची पहिली ऑर्डर मीच घेतली होती. तेव्हा तो म्हणाला होता, साहेब, या रेटमध्ये नाही बसणार. मी म्हटलं, तू वेल्डिंग बघ."

म्हणजे गो-अराउंड म्हटलं गेलं होतं. ऐकलं गेलं नव्हतं.

परवा त्यांचा फोन आला. शेड अजून बंदच आहे, ग्राहक काही परत आलेले नाहीत. पण रबाळ्यात दर सोमवारी दोन तास तो माणूस ऑफिसच्या खुर्चीत बसतो, सप्लायरशी स्वतः बोलतो. मालक शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. म्हणाले, "सर, गप्प बसायला लई त्रास होतो."

होणारच. तुमचेही तास आता सुरू झालेत. कॅप्टन तयार करण्याचे तास, आणि तो रकाना तुमच्याही लॉगबुकमध्ये इतकी वर्षं कोराच होता.

तर मंडळी, 'किती वर्षांनी?' हा प्रश्न आजपासून बंद. 'कुठला रकाना कोरा आहे?' हा प्रश्न सुरू. पहिल्या मुद्द्याची वही या रविवारी भरा. या विषयाच्या व्हिडिओत मी लॉगबुकचे रकाने फळ्यावर आखून दाखवलेत, वही घेऊन बघा. आणि पुढच्या वेळी उलव्यावरून विमान जाताना दिसलं की आठवा, त्यात उजवीकडे बसलेला एक जण आज काहीतरी शिकतोय.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, स्वतःलाही सांभाळा!